घरबसल्या सांस्कृतिक मानवशास्त्र: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांस्कृतिक मानवशास्त्र, म्हणजे माणसांच्या चालीरीती, नाती, देवाणघेवाण, श्रद्धा यांचा अभ्यास, दूरस्थ पद्धतीने शिकता येतो का, ही शंका रास्त आहे. ‘तिथे जाऊन राहिलो’ यावर ज्या विषयाची सगळी प्रतिष्ठा उभी, तो विषय घरी पुस्तकांचं पार्सल मागवून कसा शिकायचा? मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियँड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला, लोकांची रोजची उठबस लिहीत गेला. तेव्हापासून ‘सहभागी निरीक्षण’ हा या विषयाचा कणा मानला जातो.

तरीही मला वाटतं, एका बाबतीत दूरस्थ विद्यार्थ्याची बाजू उजवी आहे. नियमित महाविद्यालयातला विद्यार्थी वर्षभर वर्गात बसतो आणि क्षेत्रकार्यासाठी एकदा बसमध्ये घालून त्याला गावात नेतात. तुम्ही मात्र बँकेत, शाळेत, दवाखान्यात, शेतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, नातेवाइकांच्या लग्नात असता. माणसांमध्येच असता. म्हणून अभ्यासाची मांडणी अशी करा की वाचणं आणि बघणं एकाच आठवड्यात सुरू होईल. आधी पुस्तकं संपवू, मग क्षेत्राकडे वळू, असा बेत केलात तर दुसरा भाग कधी येतच नाही.

आधी कशासाठी ते ठरवा

निव्वळ कुतूहल असेल तर लगेच फी भरू नका. या विषयाचं प्राथमिक पातळीचं फुकट साहित्य भरपूर आहे. तीन महिने ते वाचा, आवड टिकली तर पदवीचा विचार करा.

पदवी हवी असेल तर पुढच्या भागातली मान्यतेची तपासणी चुकवू नका.

यूपीएससीसाठी येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून एक स्पष्ट सांगतो. मुख्य परीक्षेतल्या मानवशास्त्र या वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांत (प्रत्येकी २५० गुण) सांस्कृतिक मानवशास्त्र हा एक भाग आहे. शारीरिक मानवशास्त्र, मानवाची उत्क्रांती, अनुवंशशास्त्र, प्रागैतिहास हेही पहिल्या पेपरात येतं आणि दुसरा पेपर भारतावर, त्यातही आदिवासी समाजांवर बराच अवलंबून असतो. सांस्कृतिक मानवशास्त्राची ओळख करून घेतल्याने पाया पक्का होईल, अभ्यासक्रम पुरा होणार नाही.

चौथा गट मला सगळ्यात आवडतो: आश्रमशाळेतले शिक्षक, आरोग्यसेविका, संस्थांमध्ये काम करणारी माणसं. यांच्याकडे निरीक्षणं आधीच ढीगभर असतात, पण ती मांडायला चौकट नसते. त्यांना हा विषय सगळ्यात लवकर उमगतो.

अभ्यासक्रम निवडणं आणि मान्यता तपासणं

आपल्याकडे दूरस्थ पद्धतीने मानवशास्त्राची पदवी म्हटली की पहिलं नाव इग्नूचं, म्हणजे १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं. एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो, त्यामुळे वाणिज्य किंवा अभियांत्रिकी करून इकडे वळलेले विद्यार्थी बरेच भेटतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे इग्नूची प्रादेशिक केंद्रं आहेत. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) मराठी माध्यमासाठी अनेकांना जवळचं वाटतं. तिथे सामाजिक शास्त्रांतलं काय उपलब्ध आहे ते त्या वर्षाच्या माहितीपत्रकात बघा.

विद्यापीठ कुठलंही असो, फॉर्म भरण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन त्या विद्यापीठाचा *तोच* अभ्यासक्रम *त्याच* सत्रासाठी मान्य आहे का ते बघायचं. मान्यता विद्यापीठाला सरसकट आणि कायमची मिळत नाही. ‘आमचं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ एवढ्या फोनवरच्या उत्तरावर पैसे भरू नका. दुसरं म्हणजे, २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी ‘डेब आयडी’, म्हणजे आयोगाच्या याच विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट्स साठवणारं ऑनलाइन, खातं लागतं. त्या खात्यावरचं नाव आणि तुमच्या गुणपत्रिकेवरचं नाव यांत फरक असेल, म्हणजे कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे लग्नानंतरचं आडनाव, तर प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आत तो सुधारताना जीव मेटाकुटीला येतो. हे काम आधी उरका.

फुकट साहित्याचे चार पत्ते पुरेसे आहेत. इग्नूचं ‘ई-ज्ञानकोश’ हे भांडार प्रवेश न घेताही वाचता येतं आणि त्यात मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमाची घटकवार पुस्तिका मिळते. ‘ई-पीजी पाठशाला’वर मानवशास्त्राचे पदव्युत्तर पातळीचे पाठ आहेत. ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क असतं. आणि इंग्रजी वाचायची तयारी असेल तर अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मानवशास्त्र शिक्षकांच्या संस्थेने काढलेलं ‘पर्स्पेक्टिव्ह्ज’ हे पाठ्यपुस्तक पूर्ण मोफत उतरवून घेता येतं. अगदी नवख्यासाठी मी हेच आधी सुचवेन, कारण त्यात प्रत्येक प्रकरण वेगळ्या अभ्यासकाने लिहिलंय आणि बरेचसे स्वतःच्या क्षेत्रकार्यातले प्रसंग सांगत पुढे जातात. उदाहरणं अर्थातच अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी निवडलेली आहेत. त्या जागी आपली घालत वाचायचं.

वेळेचा हिशेब

इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा एक विषय १२० तासांचा झाला. आठवड्याला आठ तास दिलेत तर पंधरा आठवडे लागतात. नोकरी करणाऱ्यालाही आठ तास जमू शकतात, पण ते सगळे रविवारी काढायचे हा बेत फसतो. माझी सूचना: चार तास वाचन, दोन तास निरीक्षण, दोन तास लेखन. निरीक्षणाचे दोन तास कामाच्या वेळेत किंवा घरगुती कार्यक्रमांत आपोआप निघतात. कॅलेंडरवर वाचनासाठी जागा करा आणि निरीक्षणासाठी वही खिशात ठेवा.

भाषेची अडचण

बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, काही हिंदीत. हिंदीत या विषयाला ‘मानव विज्ञान’ किंवा ‘नृविज्ञान’ म्हणतात, शोधताना हे शब्द वापरा. मराठीत आधार हवा असेल तर मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन आहेत. त्यांतली काही माहिती जुनी झाली आहे, पण व्याख्या आणि परिभाषा नेमकी असते.

एक वही परिभाषेसाठी वेगळी ठेवा. डावीकडे मूळ संज्ञा देवनागरीत, मधे मराठी पर्याय, उजवीकडे तुमच्या अनुभवातलं एक उदाहरण. तिसरा रकाना भरता आला नाही तर ती संज्ञा अजून कळलेली नाही, असं खुशाल समजा. आणि क्षेत्रातली टिपणं मराठीतच लिहा. तुमच्या गावात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा कोकणी बोलत असतील तर लोकांचे शब्द जसेच्या तसे उतरवा. परीक्षेचं माध्यम इंग्रजी असलं तरी हे भाषांतर शेवटी करायचं असतं, ऐकताना नाही.

वाचनाचा क्रम

पाठ्यपुस्तकं साधारणपणे सिद्धान्तांच्या इतिहासापासून सुरू होतात: उत्क्रांतिवादी, प्रसारवादी, कार्यवादी, संरचनावादी. नवखा माणूस इथेच गळतो. इंग्रज मानवशास्त्रज्ञ टायलरने १८७१ साली केलेली संस्कृतीची व्याख्या पाठ होते आणि पुढे काय करायचं ते कळत नाही.

मी उलटा क्रम सांगेन. आधी क्षेत्रकार्य म्हणजे काय ते वाचा. मग नातेसंबंध, मग देवाणघेवाण, मग विधी आणि धर्म, मग सत्ता आणि विषमता. सिद्धान्तांचा इतिहास सगळ्यात शेवटी. तोपर्यंत मालिनोव्स्की कशावर बोलतोय, फ्रेंच अभ्यासक मोसला कसला प्रश्न पडला होता, हे तुम्हाला माहीत झालेलं असतं. मग त्यांच्यातली भांडणं वाचायला मजा येते. स्वाध्यायांच्या तारखा वेगळ्या क्रमाने असल्या तरी वाचनाचा क्रम तुमच्या हातात आहे.

त्याबरोबर एक एथ्नोग्राफी, म्हणजे एका समाजाचं सविस्तर वर्णन, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. सारांश नाही, नोट्स नाहीत. दहा ग्रंथांचे सारांश वाचण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण एखादा अभ्यासक गावात कसा शिरला, कोणी त्याला घर दिलं, कोणी हटकलं, कुठल्या भांडणात तो सापडला, हे सारांशात कधीच नसतं. भारतीय वाचकासाठी एम. एन. श्रीनिवास यांचं ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (१९७६) उत्तम. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांचे विद्यार्थी. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले, त्याला पुस्तकात रामपुरा म्हटलंय. १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला एका संशोधन संस्थेत असताना तिच्या इमारतीला आग लावली गेली आणि त्यांनी तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी ते गाव मुख्यतः आठवणीतून लिहिलं. पुस्तक वाचनीय होण्यामागे हेही एक कारण असावं. (यातून आणखी एक धडा घ्या: तिन्ही प्रती एकाच खोलीत ठेवू नका.)

मराठीतून सुरुवात करायची तर मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–१९७०) आहेतच. पंढरपूरच्या वारीत दिंडीबरोबर चालताना त्यांनी जे पाहिलं त्यावरचा त्यांचा लेख सहभागी निरीक्षणाचा नमुना म्हणून वाचा. अभंग म्हणत सोबत चालणारी माणसं मुक्कामावर जातवार वेगळ्या पंगतीत जेवतात, याची बोच त्या लपवत नाहीत, आणि त्या चालण्यातला आनंदही लपवत नाहीत. निरीक्षक स्वतः कुठे उभा आहे, हे दाखवायचं कसं, ते इथे शिकायला मिळतं.

पहिलं क्षेत्रकार्य: आहेराची वही

पाड्यावर जाऊन आदिवासींचा अभ्यास करायचा, हा नवख्यांचा पहिला बेत असतो. तो सध्या बाजूला ठेवा. चार दिवसांसाठी अनोळखी वस्तीत जाऊन प्रश्नावली भरून आणण्यात विषय कमी आणि पर्यटन जास्त असतं. त्याऐवजी तुमच्याच नात्यागोत्यातलं पुढचं लग्न घ्या.

बहुतेक लग्नांत मांडवाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून कोणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. नाव, गाव, रक्कम. ही वही कपाटात वर्षानुवर्षं जपली जाते आणि त्या माणसाच्या घरी कार्य निघालं की उघडली जाते. आता मालिनोव्स्कीने वर्णन केलेली ‘कुला’ ही देवाणघेवाण वाचा. ट्रोब्रियँड आणि आसपासच्या बेटांच्या वर्तुळात लाल शिंपल्यांचे हार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखांची दंडातली कडी उलट्या दिशेने. कोणी ती कायमची ठेवून घेत नाही. घासाघीस करायची नाही. घासाघिशीचा व्यापार वेगळा, त्याला नावही वेगळं. ज्याच्याशी कुला चालतो त्याच्याशी नातं आयुष्यभराचं. मार्सेल मोसने १९२५ मध्ये अशा अनेक समाजांतली उदाहरणं एकत्र मांडून सांगितलं की भेटवस्तू वरवर ऐच्छिक दिसते, पण तिच्यामागे तीन बंधनं असतात: देणं, स्वीकारणं आणि परत करणं.

हे वाचून झाल्यावर लग्नाला जा आणि पुढचे प्रश्न मनात ठेवा. वहीवर कोण बसतं? भाऊबंद, जावई, की हिशेबाला पक्का शेजारी? हे काम त्याला कोणी आणि का दिलं? रकमेवर एक रुपया जास्त का? जुनी रक्कम परत करताना तेवढीच करतात की वाढवून? तंतोतंत तेवढीच दिली तर कोणाला ते खटकतं का? (फिटंफाट झाली म्हणजे येणं-जाणंही संपलं, असं कोणी म्हणालं तर ते वाक्य शब्दशः लिहून घ्या.) पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असूनही कोण देतं आणि कोणाकडून घ्यावाच लागतो? मामाचा आहेर कोणी नाकारतं का? कपड्यांचा आहेर, टोपी-टॉवेल, उपरणं हे कोणापर्यंत पोचतं आणि कोणाला नुसता नमस्कार? रुसवे कुठे झाले? आणि फोनवरून पैसे पाठवणाऱ्यांचं नाव वहीत चढतं का?

आता या अभ्यासातला सगळ्यात रंजक भाग. ती वही पुन्हा बघा. नावं कोणाची आहेत? बहुतेक पुरुषांची. त्याच मांडवात, त्याच वेळी, बायकांमध्ये दुसरी देवाणघेवाण चाललेली असते. ओट्या भरल्या जातात, खण-नारळ, साड्या इकडून तिकडे जातात, अमकीने कसलं पातळ दिलं होतं याचा हिशेब तोंडपाठ असतो. वहीत त्यातलं काहीच नाही. तुम्ही वहीवर विसंबलात तर अर्धं लग्न तुमच्या अभ्यासातून गळलं.

मानवशास्त्रात नेमकं हेच घडलं होतं. मालिनोव्स्कीनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, अ‍ॅनेट वाइनर ही अमेरिकी अभ्यासक त्याच ट्रोब्रियँड बेटांवर गेली. मृत्यूनंतरच्या वाटपात बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि धाग्यांचे घागरे मोठ्या प्रमाणावर वाटतात, त्यावर कुळांची प्रतिष्ठा ठरते आणि पुरुषांनाही त्यासाठी आपली संपत्ती खर्चावी लागते, हे तिने दाखवलं. मालिनोव्स्की तिथे दीर्घकाळ राहिला होता, भाषा येत होती, तरी बायकांच्या या संपत्तीचं महत्त्व त्याच्या मांडणीत आलं नाही. वाइनरचा ग्रंथ १९७६ मध्ये आला आणि ट्रोब्रियँडबद्दल नव्याने विचार करावा लागला.

विद्यार्थिनींना मी नेहमी सांगतो की इथे तुमची बाजू वरचढ आहे. देवघरात, स्वयंपाकघरात, ओटी भरताना तुम्हाला जागा आहे. विद्यार्थ्यांनी आई, मावशी, आत्या यांना विचारावं, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकीव आहे असं टिपणात लिहावं.

नात्यांचा तक्ता

नातेसंबंध हे प्रकरण परीक्षेत हमखास येतं आणि विद्यार्थी त्याला हमखास घाबरतात. उपाय सोपा आहे. मोठा कागद घ्या. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, विवाहासाठी बरोबरचं चिन्ह, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ. मध्ये ‘स्व’, म्हणजे ज्याच्या नजरेतून तक्ता काढायचा ती व्यक्ती. किमान तीन पिढ्या वर, शक्य तेवढ्या बाजूला. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे बसा. कोण कोणाला काय हाक मारतं, ते प्रत्येक चिन्हाखाली लिहा.

तक्ता झाला की इरावतीबाईंचं १९५३चं नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक उघडा. त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले आणि महाराष्ट्राला मध्य विभागात ठेवलं, जिथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालींची सरमिसळ दिसते. मामाच्या मुलीशी लग्न अनेक जातींत चालतं, आत्याच्या मुलीशी करायचं मात्र टाळतात. तुमच्या तक्त्यात हे दिसतं का? कुठल्या पिढीपर्यंत? कुठे थांबलं आणि त्याचं कारण घरचे काय सांगतात?

एक छोटं कोडं. जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणते. मुलाने मामाची मुलगी केली तर ती मुलगी आपल्या सख्ख्या आत्याच्या घरात येते, म्हणजे सासूला आत्या म्हणणं तक्त्यात बरोबर बसतं. सासरे मामा कधी ठरतील? दोन घरांमधल्या विवाहांच्या रेघा दोन्ही बाजूंनी काढून बघा. साटंलोटं म्हणजे काय हे व्याख्या न वाचता कळेल. पण म्हणून त्या घरात प्रत्यक्ष तशी लग्नं होत होती असा निष्कर्ष लगेच काढू नका. हाक मारण्याची रीत आणि लग्नाची रीत यांचा संबंध किती घट्ट असतो, यावर मानवशास्त्रज्ञांमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या लुई हेन्री मॉर्गन या अमेरिकी अभ्यासकाच्या काळापासून वाद आहे.

टिपणं कशी लिहायची

जागेवर तुटक शब्द लिहा, घरी आल्यावर त्याच दिवशी पूर्ण वाक्यं. रात्री झोपण्याआधी. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या टिपणात माणसं जास्त शहाण्यासारखी बोलायला लागतात, कारण तुम्ही त्यांची वाक्यं नीट करून टाकलेली असतात.

पानाचे तीन भाग करा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. ‘वरमाई नाराज होती’ हे पाहिलेलं नाही. ‘वरमाईने साडीची घडी न उघडता ती मागे बसलेल्या जावेकडे दिली’ हे पाहिलेलं. नाराजी तिसऱ्या भागात जाते, आणि दोन महिन्यांनी तिथे प्रश्नचिन्ह काढावं लागण्याची शक्यता बरीच असते. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, हे वर लिहायचंच. स्वतःची चिडचिड, कंटाळा, पक्षपात यांच्यासाठी वेगळी डायरी असू द्या. मालिनोव्स्कीचीही होती. त्याच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये ती छापली गेली तेव्हा बेटावरच्या लोकांबद्दलची त्याची उद्धट वाक्यं वाचून त्याच्या चाहत्यांची पंचाईत झाली.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचा मोह होतो. विचारल्याशिवाय करू नका. आणि परवानगी मिळाली तरी सुरुवातीला टाळाच: एका तासाचं बोलणं उतरवायला चार-पाच तास जातात आणि यंत्र ऐकतंय म्हणून तुमचं स्वतःचं ऐकणं सैल पडतं.

परवानगी, नावं आणि जुने ग्रंथ

आपल्याच माणसांचा अभ्यास करताना परवानगीचा विसर पडतो. ‘मी शिकतेय, यावर लिहिणार आहे, चालेल का?’ एवढं आधी विचारा. लिहिताना नावं बदला. तेवढ्याने भागत नाही, कारण लहान गावात ‘सरपंचांची धाकटी सून’ म्हटलं की नावाची गरजच उरत नाही. असे धागेही बदला किंवा गाळा. आहेराच्या वहीतल्या रकमांचा फोटो काढून स्वाध्यायाला जोडणं तर अजिबात नको. जात, हुंडा, आजारपण, मालमत्तेचं भांडण यांबद्दल कोणी विश्वासाने सांगितलं असेल तर ते स्वाध्यायात आलंच पाहिजे असं नाही.

गावातल्या जातीजमातींची माहिती शोधताना तुम्हाला ब्रिटिश काळातली गॅझेटियर्स आणि एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचे खंड (१९२०–२२) इंटरनेटवर सापडतील. वापरा, पण ते साम्राज्याच्या कारभारासाठी लिहिले गेले हे विसरू नका. त्याच कारभाराने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण महाराष्ट्रातल्या पारधी आणि इतर विमुक्त समाजांना त्या शिक्क्याचा त्रास आजही होतो. १९०१च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ली नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावत होता. अशा ग्रंथातलं ‘हे लोक स्वभावाने लबाड असतात’ छापाचं वाक्य माहिती म्हणून स्वाध्यायात उतरवणारे विद्यार्थी दर सत्रात सापडतात. ते वाक्य त्या समाजाबद्दल काही सांगत नाही. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल बरंच सांगतं, आणि तसं ते वापरता येतं.

इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकावर संशोधन करत होत्या. हाच फिशर पुढे नाझींच्या वंशवादाचा आधार बनला. गुरूला वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा हवा होता, इरावतीबाईंना मापांत तो सापडला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. विषयाचा इतिहास वाचताना ही बाजूही समोर असू द्या.

स्वाध्याय आणि परीक्षा

इग्नूच्या बहुतेक विषयांत स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. स्वाध्यायांत गुण मिळवणं तुलनेने सोपं, तरी विद्यार्थी ते शेवटच्या आठवड्यावर ठेवतात आणि मग कुठूनतरी तयार उत्तरं उतरवतात. तपासणाऱ्याला हे दुसऱ्या परिच्छेदातच कळतं, कारण चाळीस जणांनी तेच उत्तर तेच उदाहरण देऊन लिहिलेलं असतं. एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांचंही तेच. तुमच्या मांडवातलं एक नेमकं निरीक्षण घातलंत की उत्तर वेगळं उठून दिसतं.

उत्तराची घडण साधी ठेवा. संकल्पना दोन वाक्यांत, मूळ अभ्यासक आणि त्याचं ठिकाण, मग एक दूरचं उदाहरण आणि एक जवळचं, शेवटी संकल्पना कुठे अपुरी पडते ते. ‘संक्रमण विधी’, म्हणजे आयुष्यातली एक अवस्था सोडून दुसरीत जातानाचे विधी, हा प्रश्न आला तर व्हान गेनेप या अभ्यासकाची (१९०९) वेगळं होणं, मधली अवस्था आणि पुन्हा सामील होणं ही तीन टप्प्यांची मांडणी सांगा आणि जवळचं उदाहरण म्हणून सुतक घ्या: घरात मृत्यू झाल्यावर देवपूजा, शिवाशिव, जेवण यांचे नियम बदलतात आणि तेराव्याला घर पुन्हा समाजात येतं. ‘आपली संस्कृती प्राचीन आणि महान आहे’ हे वाक्य मात्र खोडा. इतर कुठल्या समाजाला ‘मागासलेला’ म्हटलंय का तेही बघून खोडा.

अभ्यासकेंद्रावर समुपदेशनाचे वर्ग असतील तर जा. मानवशास्त्राला विद्यार्थी कमी असल्याने कधी तिघंच येतात, पण त्या तिघांचा गट करून महिन्यातून एकदा एकमेकांची टिपणं वाचली तर एकटेपणा बराच कमी होतो. पुण्यात असाल तर आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय पाहा. नागपूरकरांना भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं केंद्र आहे. वस्तूखालची पाटी वाचायची आणि पाटीत काय सांगितलेलं नाही ते वहीत लिहायचं.

परीक्षेचा फॉर्म, स्वाध्याय जमा करण्याची मुदत आणि पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी या तीन तारखा वेगवेगळ्या असतात. कोणी आठवण करून देईल या भरवशावर राहू नका. पुनर्नोंदणी आपोआप होत नाही, आणि पहिल्या वर्षाचा निकाल लागलेला नसला तरी ती मुदतीतच करावी लागते. स्वाध्याय जमा केल्याची पावती निकाल हातात येईपर्यंत जपून ठेवा, आणि स्वाध्यायाची एक प्रत घरी असू द्या.